टाकीच्या टोकाला कोणी नव्हतं

आधीच सांगते, मी चिडून लिहिते आहे. भाषा कुठे वाकडी गेली तर सांभाळून घ्या. या ग्रुपवरचे अनुभव मी गेली चार वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. पांढरी साडी, पिंपळाचं झाड, गाडीला हात दाखवणारी बाई… डबा खाताना ऑफिसात वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी हसायचं. एका काकूंनी त्यांच्या सासऱ्यांचा अनुभव टाकला होता, त्याखाली मी काय कमेंट केली होती ते त्यांना आठवत असेल. काकू, माफ करा.

मी नवा रायपुरला पाण्याचे नमुने तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. वीस वर्षं झाली. एक नमुना दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात गेलेली. तेव्हा "ताई, तुम्हाला भास झाला असेल" हे मला सांगू नका. भास असता तर सगळ्यात आधी मीच खूश झाले असते.

घर जुन्या रायपुरात, गुढियारीला, रेल्वे लाइनच्या पलीकडे. आमचं मूळ गोंदियाचं. बाबा रेल्वेत फिटर म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. आई जाऊन सहा वर्षं झाली. धाकटा भाऊ मंगेश बंगळूरला. घरात बाबा आणि मी… आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली अँबॅसॅडर. ती बाबांनी एका रिटायर झालेल्या डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मी पाचवीत होते. आमच्या गल्लीत ती वळायची नाही. तीनदा मागेपुढे करावी लागायची आणि अर्धा पारा, म्हणजे मोहल्ला, बघायला बाहेर यायचा.

बाबांचा रविवार म्हणजे त्या गाडीचा रविवार. मी त्यांची असिस्टंट. मंगेशला कधी हात लावू दिला नाही, कारण तो नट हरवायचा. पेट्रोलची लाइन साफ केली की एक काम ठरलेलं असायचं. लाइन म्हणजे मागच्या टाकीपासून पुढच्या पंपापर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारी बारीक लोखंडी नळी, आणि तिच्या दोन्ही टोकांना रबरी पाइपचे तुकडे. दोन्हीकडून ती सोडवायची. बाबा बॉनेटकडच्या टोकाला तोंड लावून फुंकणार. मी डिकीखाली आडवी पडून दुसरं टोक गालाशी धरणार. गालाला गार हवा लागली की मी ओरडायचं, "आली." मग ते म्हणायचे, "जोरात की हळू?" एवढंच. पण ती "आली" म्हणायची वेळ कधी येते याची मी आठवडाभर वाट बघायची.

आता मुद्द्यावर येते. हल्लीचं पेट्रोल जुन्या रबराला खातं हे जुन्या गाड्या ठेवणाऱ्या कोणालाही विचारा. पाइप फुगतो, मऊ पडतो, मग त्याला भेगा पडतात. आमच्या अंगणात वास यायला लागला. बाबांनी बोट फिरवून बघितलं तर बोट ओलं. त्यांनी मला सांगितलं, येत्या रविवारी लाइन बदलून टाकू. माझ्या लॅबमध्ये तपासणी होती, मी म्हटलं पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी मैत्रिणीकडे वास्तुशांत. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नव्हतं. मी झोपले होते. टाकीतून पेट्रोल काढायला लागतो तो छोटा हातपंप मी ऑनलाइन बघून ठेवला होता. तीन आठवडे तो फोनमधल्या कार्टमध्ये पडून होता. एक बटण दाबायचं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी ऑफिसात असताना बाबांनी स्वतःच काम काढलं. वय अठ्ठ्याहत्तर. टाकीत पाइप घातला आणि जन्मभर करत आले तसं तोंडाने ओढलं. जन्मभर पेट्रोल ओठापर्यंत यायचं, ते थुंकून टाकायचे आणि पाइप डब्यात सोडायचे. या वेळी ओढताना ठसका लागला आणि पेट्रोल सरळ फुफ्फुसात गेलं. शेजाऱ्यांनी मला फोन केला.

एकोणीस दिवस हॉस्पिटल. त्यातले सहा आयसीयू. घरी आणलं तेव्हा सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळ्या आल्या, आणि ते प्लास्टिकचं खेळणं आलं. ज्यांच्या घरी आजारपण झालंय त्यांनी बघितलं असेल… तीन कप्पे, तीन रंगीत गेंद. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, जितका ओढाल तितके गेंद वर जातात. डॉक्टर म्हणाले, दर तासाला हे करायचं, यावरच सगळं आहे. छाती उघडली तर माणूस उठेल, नाही तर हळूहळू बंद होत जाईल. बाबांचा एकही गेंद हलायचा नाही. दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, हे लेकरांचं खेळणं आहे, ठेवून दे. मी रागावले, हात जोडले, जेवण बंद करते म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. बोलायचे फक्त एक वाक्य, रोज, मी ऑफिसातून आले की. "लाइन झाली का?"

मला इतका राग यायचा की सांगता येत नाही. त्यांचा राग, कारण कोण सांगायला गेलं होतं. मंगेशचा राग, कारण तो व्हिडिओ कॉलवर "ताई, ती गाडी आता काढून टाक" एवढंच सांगायचा, जणू गाडीनेच केलं. आणि स्वतःचा राग. तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं म्हणून मी तो घरभर भांड्यांवर काढत होते.

शेवटी एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी निव्वळ रागाने कामाला लागले. लाइन पाहिजे ना? घ्या लाइन. हातपंप तोवर मागवला होता. वरातीमागून घोडं. टाकी रिकामी करून सोडवून ठेवली, कुजलेले रबरी तुकडे कापून फेकले, लोखंडी नळी आतून धुतली. आता फुंकून बघायचं होतं, आणि दुसऱ्या टोकाला गाल लावायला कोणी नव्हतं. म्हणून मी मागच्या टोकाला डाळीची एक पातळ प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली. फुगली की समजायचं लाइन मोकळी.

पुढे येऊन फुंकलं. हवा सहज गेली, कुठे अडली नाही. मागे जाऊन बघितलं तर पिशवी लोंबत होती. जशी बांधली तशी. म्हटलं नळीला भोक असणार. साबणाचं पाणी नळीवर सगळीकडे लावलं आणि परत फुंकलं. कुठेही बुडबुडा नाही. पिशवी तशीच. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा राग त्या नळीत फुंकला.

घरातून बाबांचा आवाज आला, "आली."

मोठा नव्हता. पण पूर्ण होता, मधे न तुटलेला. तसा आवाज त्यांचा महिनाभर निघाला नव्हता. त्यांची खाट मधल्या खोलीत, अंगण आणि ती खोली यांच्यात दोन भिंती. मी आत पळाले. दिवसभर बाबांजवळ असणारी दुलारी दीदी खाटेशी उभी होती. ती त्यांना जबरदस्तीने ते खेळणं तोंडात धरायला लावत होती.

"दीदी," ती म्हणाली, "बाबूजी ह तीनों गेंद ला उठा दिस."

बाबांनी तिन्ही गेंद उचलले म्हणे. मी बाबांना विचारलं, काय आली? त्यांनी माझ्याकडे वैतागून बघितलं.

"हवा. अजून काय येते? पण तुहा जोर कमी आहे."

आता तुम्ही जे म्हणणार ते मी त्याच क्षणी स्वतःला म्हणून घेतलं. योगायोग. फिटर माणूस, अंगणातल्या आवाजांवरून ओळखलं असेल मी काय करते आहे. जोर आला असेल एकदम. म्हणून मी तपासलं. दुलारी दीदीला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहायला सांगितलं, गेंद उठले की वेळ लिहायची, बाकी काही बोलायचं नाही. बाबांच्या तोंडात नळी, डोळे मिटलेले. मी बाहेर वाटेल तेव्हा फुंकलं आणि दर वेळी फोनमधली वेळ बघून कागदावर लिहिली. कधी लागोपाठ, कधी दहा मिनिटं थांबून, दोनदा तर नुसता आवाज करून फुंकलंच नाही. तासाभराने दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकही वेळ चुकली नव्हती. जिथे मी फुंकलं नव्हतं तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

सायकलचा पंप लावून नळीत हवा मारली. बाहेर पिशवी टम्म फुगली, आत गेंद हलले नाहीत. दुलारी दीदीला फुंकायला लावलं आणि मी आत उभी राहिले. गेंद जागेवर, बाहेर पिशवी फुगलेली. फक्त मी फुंकलं की पिशवी पडून राहायची आणि घरात बाबांची छाती वर यायची. हे मी डोळ्यांनी बघितलं नाही, कारण एका वेळी दोन ठिकाणी मला उभं राहता येत नव्हतं. शेवटी आत फोन लावून रेकॉर्ड केलं. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. टाकणार नाही. माझ्या बापाची उघडी छाती आहे त्यात, ती कमेंट करायला नाही.

त्या दिवसापासून मी लाइन जोडली नाही. टोकाला स्वच्छ फडकं बांधून ठेवलं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी अंगणात बसून पंधरा वेळा फुंकायचं, संध्याकाळी आल्यावर पंधरा वेळा. बोटाला लावायच्या त्या यंत्रात आकडा शहाऐंशीवरून ब्याण्णवपर्यंत गेला. बाबा बसायला लागले. आठव्या दिवशी मुंग डाळीची खिचडी मागून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगत होतो ना, व्यायाम केला की फरक पडतो. मी मान हलवली.

आणि मला खोकला लागला. नळी कितीही धुतली तरी जन्मभर पेट्रोल वाहिलेली. फुंकण्याआधी श्वास घ्यायचा तर नाकाशी तोच वास. ओठ फाटले, डोकं दुखायचं, कामावर उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. फुंकणं रोज होतं. सकाळी जाग आली की पहिला विचार तोच. मंगेश फोनवर म्हणाला, ताई, आवाज बसलाय तुझा, काळजी घे. घेते म्हटलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी अंगणातून आत आले तर बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले. दुलारी दीदीने मशीनची लांब नळी लावून आणलं होतं. त्यांनी तिला चहा करायला आत पाठवलं.

"लाइन उघडी काहून ठेवली?"

"तुम्हाले माहीत आहे काहून."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हा तुहा खोकला मी वळखतो. लाइन जोडून टाक."

मी सरळ नाही म्हटलं. मग जे दीड महिना भांड्यांवर निघत होतं ते सगळं त्यांच्यावर निघालं. मी म्हटलं मी रोज मरून राहिली तुमच्यासाठी आणि तुम्हाला गाडीची पडली आहे. म्हटलं त्या दिवशी काय अडलं होतं, काय घाई होती, कोणाला दाखवायचं होतं. गल्लीत दोन घरांपर्यंत ऐकू गेलं असेल. मी शेवटी म्हटलं, "मले एक फोन करून विचारलं असतं तर? एकदा तरी विचारलं का तुम्ही?"

"तीन रविवार इचारलं तुले," बाबा म्हणाले.

टोचून बोलले नाहीत. कोणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा तसं बोलले. मग त्यांनीच परत सांगितलं, एक माणूस गेला ह्या वासात, दोन नाही जाणार. लाइन जोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जोडली. ते खुर्चीवर बसून बघत होते. नवीन रबरी पाइप आधी टाकीकडून, मग पंपाकडून बसवला, क्लिपा आवळल्या. पुढची क्लिप आवळताना म्हणाले, अजून अर्धा आटा. मी दिला अर्धा आटा. टाकीत पेट्रोल ओतलं, आणि तिसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली. त्यांनी मान तिरकी करून इंजिन ऐकलं आणि मला बंद करायला सांगितलं. म्हणाले, जा आता, ऑफिसले उशीर होते तुले.

त्या दुपारपासून एकही गेंद उठला नाही. बाबांनी नळी तोंडात धरायलाही नकार दिला नाही, दर तासाला धरायचे, दुलारी दीदी शेजारी बसून हिंमत द्यायची. गेंद तळाला पडून. आकडा रोज एक-दोनने खाली. तिसऱ्या दिवशी मी पान्हा घेऊन शेडमध्ये गेले तर आतून त्यांनी हाक मारली, आणि मी परत आले. नवव्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये असताना दुलारी दीदीचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आधीच गेली होती, मधे बरं वाटलं ते तसंच असतं कधीकधी, दिवा विझताना मोठा होतो. मंगेश म्हणाला, ताई, मनाचा खेळ असतो, त्यांना वाटलं तू काहीतरी करते आहेस म्हणून त्यांनी जोर लावला. वाटलं असेल. मग पिशवी का नाही फुगली? तिचं पण मन असतं का? तेरावं झाल्यावर, सगळे गेल्यावर, मी एकदा दोन्हीकडच्या क्लिपा सोडून, पिशवी बांधून फुंकलं. फुगली. चार वेळा फुंकलं, चारही वेळा फुगली. लाइन पहिल्यापासून शाबूतच होती.

तेव्हा कमेंटमध्ये मला कोणी शास्त्र शिकवू नका, आणि कोणी "बाबांचा आत्मा तुमच्यासोबत आहे" असंही लिहू नका. तेव्हा बाबा जिवंत होते. माझा श्वास दोन भिंती ओलांडून एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कसा गेला हे मला माहीत नाही. तो माझाच का लागायचा हे माहीत नाही. बंद केल्याने ते गेले की जाणारच होते, हे तर कोणालाच माहीत नाही. वीस वर्षांत मी सही न करता ठेवलेला हा पहिला नमुना आहे.

पण एक गोष्ट मी मंगेशला सांगितली नाही, दुलारी दीदीलाही नाही. इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून लिहिते. मी सगळ्यांना सांगते की बाबांनी जोडायला लावली. ते खरं आहे. त्यांनी अर्धा आटा अजून मागितला हेही खरं आहे. पण त्या सकाळी माझं डोकं ठणकत होतं, ओठातून रक्त येत होतं, बसची वेळ झाली होती… आणि ती क्लिप आवळताना, बाप समोर खुर्चीवर बसलेला असताना, मला सुटल्यासारखं वाटलं. आता संध्याकाळी फुंकायचं नाही, एवढंच मनात आलं. मला राग येतो तो त्याचा येतो.